फॉर्मवर पोझिशनच्या पुढे काय लिहायचं?

पत्र:

नमस्कार दादा, आम्ही सिडकोत राहतो. मुलगा आठवीत आहे, १३ वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा, अंगाने बारीक, लेफ्टी. टर्फवर सगळ्यात जास्त गोल तोच मारतो. पण जूनपासून अकॅडमीच्या सरांनी त्याला लेफ्ट बॅकला, म्हणजे मागे डाव्या बाजूला बचावात टाकलंय, शाळेच्या टीममध्ये सेंटर मिडला, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळतो आणि मिस्टरांचं म्हणणं की तो स्ट्रायकरच आहे, सर त्याचं वाटोळं करतायत. मॅचला ते लाईनवरून सारखं ओरडतात. आता तर पोराच्या पायात बॉल आला की तो आधी बाबांकडे बघतो. घरी या विषयावर काहीच बोलत नाही. जेवताना तेवढं ताटातल्या वाट्या सरकवून धाकट्या बहिणीला दाखवत बसतो की कोण कुठे उभं राहायला पाहिजे होतं. दिवाळीनंतर पुण्याला ट्रायल आहे, फॉर्मवर पोझिशन लिहायचीय. काय लिहू?
– एक आई, सिडको, नाशिक

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलाय पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही मधेच जाता जाता लिहून गेलात, एक ते बाबांकडे बघण्याचं आणि दुसरं वाट्यांचं. दोन्हीवर येतोच, आधी लेफ्ट बॅकचं बोलू कारण घरात सध्या पेटलंय ते त्याच्यावरून.

तुमच्या मिस्टरांना, म्हणजे दादांना, पोरगं मागे गेलं याचं वाईट का वाटतंय ते मला कळतं. आपण सगळे ज्या मैदानांवर वाढलो तिथे जो सगळ्यात ढिला तो मागे आणि जो त्याहून ढिला तो गोलकीपर, हा नियमच होता, त्यामुळे बॅकला टाकलं म्हणजे नापास केलं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण आता लेफ्ट बॅक म्हणजे टीममधल्या सगळ्यात जास्त पळणाऱ्या आणि बॉलला सारखा पाय लागणाऱ्या खेळाडूंपैकी एक असतो. अल्फोन्सो डेव्हिस घ्या, हा कॅनडाचा पोरगा २०१९ च्या जानेवारीत जर्मनीच्या बायर्न क्लबला आला तो विंगर म्हणून, म्हणजे पुढे कडेने खेळणारा, त्याच वर्षीच्या शेवटाकडे टीममधले डिफेंडर जखमी झाले, लेफ्ट बॅक खेळणाऱ्या अलाबाला मध्ये घ्यावं लागलं आणि लेफ्ट बॅकची जागा रिकामी झाली म्हणून याला तिथे उभं केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगला बार्सिलोनाला ८-२ हरवलं त्या मॅचमध्ये त्याने डाव्या बाजूने बार्सिलोनाच्या सेमेडोला मागे टाकत गोललाईनपर्यंत जाऊन आपल्या टीमच्या किमिशला जो बॉल दिला तो दादांना जरूर दाखवा. गॅरेथ बेलची गोष्ट उलटी, तो लेफ्ट बॅक म्हणून आला आणि इंग्लंडच्या टॉटनम क्लबमध्ये पुढे पुढे सरकत विंगर झाला. आपल्याकडे आशिक कुरुनियन मुळात विंगर, बेंगळुरूकडून लेफ्ट बॅकलाही खेळलाय. म्हणजे जून महिन्यात सरांनी दिलेली जागा ही काही सातबाऱ्यावर चढलेली नोंद नाहीये, ती बदलू शकते आणि बहुतेक बदलेलच.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण सर म्हणतात म्हणून सगळं बरोबर असंही नसतं. लेफ्टी पोरं कमी असतात. कुठल्याही अकॅडमीत वीस पोरांत दोन-तीन लेफ्टी मिळाले तरी सर खूश होतात, आणि मग डावी बाजू रिकामी आहे ना, घाल याला तिथे, असं होतं. त्यात पोरगं बारीक असेल तर मध्ये मोठ्या पोरांचे धक्के खाण्यापेक्षा बाजूला बरं, असाही विचार असतो. ही कारणं खोटी नाहीत पण ती टीमच्या सोयीची आहेत, मुलाच्या शिकण्याची नाहीत, आणि हा फरक तुम्ही सरांकडूनच काढून घ्यायचा. मॅचच्या दिवशी अजिबात नको, मधल्या वारी प्रॅक्टिस संपल्यावर, सर कोन गोळा करत असतात ना तेव्हा, शांतपणे विचारा की सर याला तिथे ठेवून तुम्हाला त्याच्याकडून काय शिकवून घ्यायचंय. एवढंच विचारा. याला पुढे का नाही खेळवत असं विचारलंत तर ते बचावात जातील. सर जर म्हणाले की त्याने आधी समोरचा खेळ बघायला शिकावा, वन टू वन मध्ये उभं राहायला शिकावं, मग मी त्याला वर घेणार आहे, तर निर्धास्त राहा, चांगल्या माणसाच्या हातात पोरगं आहे. आणि जर म्हणाले की दुसरा कोणी लेफ्टी नाहीये हो, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे, मग फक्त एवढंच मागा की चार मॅचमधली एक तरी त्याला दुसरीकडे द्या.

टर्फवरच्या गोलांचं थोडं कडू बोलतो, राग मानू नका. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत आता जिकडे तिकडे टर्फ झालेत, पोरं खेळतायत हे फार चांगलं आहे, बॉलवर पाय बसतो, छोट्या जागेत सुटायला शिकतात. पण टर्फवर ऑफसाईड नाही, बॉल जाळीला आपटून परत येतो, गोल छोटा, आणि एका पोराला चुकवलं की समोर गोलच. तोच पोरगा शंभरेक मीटरच्या खऱ्या ग्राउंडवर स्ट्रायकर म्हणून उभा केला की दहा-दहा मिनिटं बॉल त्याच्याकडे येतच नाही, येतो तेव्हा पाठीला चिकटून एक धिप्पाड स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, उभा असतो आणि पोराचं तोंड स्वतःच्या गोलकडे असतं. हे वेगळं काम आहे. आणि १३ व्या वर्षी जे गोल निव्वळ पळण्यावर होतात ना, मागून लांब बॉल टाकला आणि हा सगळ्यांना मागे टाकून गेला, ते गोल सोळाव्या वर्षी होत नाहीत कारण तोपर्यंत बाकीचेही तेवढंच पळायला लागतात. तेव्हा टर्फवर तो सगळ्यात जास्त गोल मारतो यावरून तो स्ट्रायकर आहे हे सिद्ध होत नाही, तो नाहीये हेही होत नाही, फक्त त्याला बॉल आवडतो आणि त्याच्यात धमक आहे एवढं कळतं, आणि तेही थोडं नाही.

वयाचं एक गणित लक्षात ठेवा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. तुमचा नोव्हेंबरचा आहे, म्हणजे त्याच गटातलं जानेवारीचं पोरगं त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठं आहे. या वयात दहा महिने म्हणजे खांद्याएवढा फरक, मिशी फुटलेल्या पोरासमोर तुमचा अजून लहान दिसतो. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं सिलेक्शनमध्ये जास्त दिसतात हे जगभर दिसून आलंय आणि ती काही जास्त हुशार असतात म्हणून नाही, फक्त आधी वाढतात म्हणून. तुमच्याची उंची अजून यायचीय, तेरा-चौदाला मुलं वर्षात आठ-दहा सेंटिमीटरसुद्धा वाढतात, आणि तेव्हा काही महिने असे जातात की पाय आपलेच वाटत नाहीत, साधा पास चुकतो, धावताना अडखळतं. त्या काळात त्याची पोझिशन ठरवायला जाऊ नका, कोणालाही ठरवू देऊ नका. गुडघ्याच्या वाटीच्या खाली हाडावर दुखतं म्हणाला तर वाढीचं दुखणं आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा, ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला, बहुतेक वेळा खेळ थोडा कमी केला की शांत होतं. अकॅडमी, शाळा आणि रात्री टर्फ असं तिन्ही रोज चालू असेल तर आजच एक कमी करा.

हे एवढं जीव तोडून लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या बाबतीत नेमकं हेच उलट्या बाजूने झालं. मी बाराव्या वर्षी वर्गात सगळ्यात उंच होतो, शाळेच्या सरांनी बघितलं आणि स्टॉपर करून टाकलं, आणि पुढची चार वर्षं मला एकच वाक्य ऐकवलं, बॉल आला की लांब मार. मी लांब मारत राहिलो. टीम जिंकत होती, सर खूश, घरचे खूश. बॉल घेऊन वळायचं कसं, मागे कोण आहे ते बघायचं कसं, डाव्या पायाने पास कसा द्यायचा, यातलं कोणी काही शिकवलं नाही आणि मला तेव्हा ते हवं होतं हेही कळलं नाही. सोळाव्या वर्षापर्यंत बाकीची पोरं माझ्याएवढी झाली, काही माझ्यापेक्षा उंच झाली, आणि जिल्ह्याच्या सिलेक्शनला पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडलं की मला बॉल येत नाही, मला फक्त उंची येत होती. ते अजून सलतं. म्हणून कोणी लहान पोराला त्याच्या अंगावरून जागा देतं ना, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

मग बघायचं काय? ताई, हे काम तुम्ही करा, पुढच्या मॅचला फक्त वीस मिनिटं. बॉलकडे बघायचंच नाही, सुरुवातीला फार जड जातं, डोळे आपोआप बॉलमागे जातात, पण निश्चय करून फक्त आपल्या पोराकडे बघा. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी त्याची मान फिरते का? खांद्यावरून एकदा मागे बघून घेतो का? ज्यांना खेळ दिसतो ती पोरं बॉल यायच्या आधीच बघून ठेवतात, बाकीची बॉल पायात आल्यावर शोधायला लागतात. मग पहिला टच कुठे जातो ते बघा, मोकळ्या जागेत की जिकडून बॉल आला तिकडेच परत. बॉल गेला की दोन सेकंद तो काय करतो, हात झटकून उभा राहतो की लगेच कोणाच्या तरी मागे धावतो. आणि बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असताना त्याचे पाय हलतात का, दोन पावलं आत येतो का, कोणाला बोट दाखवून काही सांगतो का. चार गोष्टी, वहीत नुसत्या रेघा मारा. अशा चार मॅच झाल्या की तुमच्याकडे जे असेल ते दादांच्या आणि सरांच्या दोघांच्याही मतापेक्षा पक्कं असेल.

आणि आता त्या मान फिरवण्यावरून बाबांवर येतो. तुम्ही लिहिलंय की बॉल आला की तो आधी बाबांकडे बघतो. ताई, तो जो क्षण आहे ना, बॉल पायात यायच्या आधीचा आणि आल्यानंतरचा एक सेकंद, फुटबॉलमध्ये सगळं तिथे ठरतं. त्या सेकंदात त्याची मान मागे वळायला हवी, विंगर कुठे आहे, मिडफिल्डर मोकळा आहे का, आणि ती वळतेय लाईनकडे. मग पोझिशन कुठलीही द्या, स्ट्रायकर द्या नाहीतर लेफ्ट बॅक, तो तिथे आंधळाच खेळणार. दादांचं प्रेम मला दिसतंय, शिफ्ट करून, झोप अर्धी टाकून रविवारी सकाळी मुलाच्या मॅचला उभं राहणारे बाप किती आहेत सांगा, त्यांना येऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण 'वर जा, वर जा' हे बंद झालं पाहिजे, कारण सर आतून 'थांब, लाईन धर' म्हणतात आणि पोराला एकाच पायाने दोन ऑर्डर पाळायच्या असतात. पहिल्या मॅचनंतर त्यांना ती वही द्या. रेघा मारायचं काम दादांकडे द्या आणि तुम्ही बाजूला उभ्या राहा. ज्यांना मुलाचा खेळ एवढा आवडतो ते हे काम मन लावून करतील आणि मान फिरल्याची रेघ मारायला नजर पोरावर ठेवावी लागते, ओरडायला वेळ राहत नाही. आणि मॅच संपली की घरी जाताना गाडीवर मॅचचा विषय काढायचा नाही, मिसळ खा, घरी या. त्याला बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल.

तो बोलतोच आहे खरं तर. वाट्या मांडून.

तुम्ही ते गंमत म्हणून लिहिलंत पण मी तिथे थांबलो. तेरा वर्षांची बहुतेक पोरं मॅचनंतर मी कसा मारला, मी कसा चुकवला हे सांगतात. तुमचा मुलगा सांगतोय की कोणी कुठे उभं राहायला हवं होतं. म्हणजे त्याच्या डोक्यात अख्खं मैदान वरून दिसतंय आणि त्याला रिकामी जागा दिसतेय. ही गोष्ट शिकवून फार कमी येते. आंद्रेआ पिर्लो नावाचा इटलीचा खेळाडू होता, तो आधी स्ट्रायकरच्या मागे खेळायचा, इंटर क्लबमध्ये त्याचं काही जमेना, २००१ मध्ये लोनवर, म्हणजे उसना, ब्रेशा क्लबला गेला, तिथे त्याच्या जागेवर आधीच बाज्जिओसारखा मोठा खेळाडू होता, म्हणून कोच माझोनेंनी त्याला मागे ओढलं, डिफेन्सच्या अगदी पुढे. पळण्यात तो कोणाला हरवणारा नव्हता, पण मागून त्याला सगळं दिसायचं. २००६ ला इटलीने वर्ल्डकप जिंकला तेव्हा त्यांचा खेळ त्याच्याच पायातून चालत होता. तेव्हा तुमचा पिर्लो होईल असं मी म्हणत नाहीये, तसं कोणीच म्हणू नये, मी एवढंच म्हणतोय की ज्याला जागा दिसते त्याला जिथून जास्त मैदान दिसेल तिथे खेळवून बघायला हवं.

आणि इथेच मला वाटतं की अकॅडमीच्या सरांचा लेफ्ट बॅक आणि शाळेच्या सरांचा सेंटर मिड हे भांडण नाहीये, ही एका जिन्याच्या दोन पायऱ्या आहेत. विचार करा, लेफ्ट बॅकला एका बाजूला लाईन असते, तिकडून कोणी येणार नाही, खेळ सगळा समोर आणि उजवीकडे, म्हणजे बघायला अर्धंच मैदान. सेंटर मिडला चारही बाजूंनी माणसं येतात. आणि स्ट्रायकर बहुतेक वेळ गोलकडे पाठ करून उभा. बघायला शिकायचं असेल तर आधी लाईनचा आधार असलेली जागा आणि मग हळूहळू आत, हा क्रम काही वाईट नाही. युक्रेनचा झिन्चेन्को तर मिडफिल्डर असताना मँचेस्टर सिटीत लेफ्ट बॅक झाला आणि तिथूनच परत आत येऊन मिडफिल्डमध्ये खेळायला लागला. तेव्हा माझं मत विचाराल तर हा सीझन अकॅडमीत लेफ्ट बॅक राहू द्या, शाळेत सेंटर मिड राहू द्या, आणि टर्फवर त्याला मनाला येईल तसं खेळू द्या, तिथे गोल मारू द्या, तिथे कोणीही काही शिकवायला जाऊ नका, तो आनंद त्याचा आहे. पण वर्षभर एकाच जागी बांधून ठेवायला लागले तर मात्र बोला.

दादांना हेही सांगा की फ्रान्सचा थिएरी ऑन्री १९९९ ला इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आला तेव्हा विंगर होता, कोच वेंगरनी त्याला स्ट्रायकर केलं, २२ वर्षांचा होता. पिर्लो मागे गेला तेव्हा २१ चा. डेव्हिस १८-१९ चा. आणि फिलिप लाम तर २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये, तिशीत, जर्मनीचा कॅप्टन, सुरुवातीच्या मॅच मिडफिल्डला खेळला आणि क्वार्टर फायनलपासून परत राईट बॅकला गेला. तुमचा १३ चा आहे.

दिवाळीपर्यंत एक काम मात्र रोज. उजवा पाय. लेफ्टी पोरांना डाव्यावर इतकं कौतुक मिळतं की उजवा नुसता उभं राहायला उरतो, आणि लेफ्ट बॅकला आत यायचं असेल, मिडफिल्डला वळायचं असेल तर उजवा लागतोच. पावसाने ग्राउंडचा चिखल झालाय, प्रॅक्टिस बुडतेय, तर बिल्डिंगच्या कंपाऊंडच्या भिंतीवर पंधरा मिनिटं, उजव्याने पास, उजव्याने थांबव, आणि बॉल भिंतीवरून परत यायच्या आधी एकदा मागे वळून बघ. मागे धाकट्या बहिणीला उभं करा, तिने बोटं दाखवायची, किती ते त्याने बॉल थांबवायच्या आधी सांगायचं. वाट्यांचे धडे ऐकते ना ती, तिलाही खेळात घ्या.

आता फॉर्म. ट्रायलला येणारी निम्मी पोरं स्ट्रायकर आणि विंगर लिहून येतात, मी अशा बऱ्याच ट्रायल बाहेर उभं राहून पाहिल्यात, मग मॅच खेळवताना एका टीममध्ये सहा स्ट्रायकर होतात आणि त्यातल्या चौघांना कुठेतरी ढकललं जातं, आणि ढकललेलं पोरगं हिरमुसून खेळतं. लेफ्टी डिफेंडर मात्र शोधावा लागतो. तेव्हा लिहा 'लेफ्ट बॅक', आणि त्याच्याच पुढे स्वल्पविराम देऊन 'सेंटर मिडफिल्ड', पाय विचारला असेल तर 'डावा'. स्ट्रायकर लिहू नका. पण लिहिण्याआधी फॉर्म त्याच्यासमोर ठेवा, बाबा घरात नसताना, आणि विचारा की तुला कुठून सगळ्यात जास्त दिसतं. तो काही तिसरंच म्हणाला तर माझं सोडा, तो म्हणतो ते लिहा, आणि मला तेवढं कळवा.

ट्रायलच्या दिवशी पुण्याला आदल्या रात्रीच पोचलेलं बरं, पहाटे नाशिकहून निघून पाच तास गाडीत बसलेले पाय पहिल्या अर्ध्या तासात सुटत नाहीत. आणि दिवाळीला नवे शूज घेतलेत तर ते आधी चार-पाच प्रॅक्टिसला घालू द्या, नाहीतर ट्रायलला जुनेच घालून पाठवा.